पेझनासजवळचं घर आणि एक ओली भिंत

हे प्रकरण एका भिंतीचं आहे. दक्षिण फ्रान्सच्या एरो जिल्ह्यात, पेझनास या जुन्या गावाजवळच्या एका लहान खेड्यात आम्ही घर घेतलं. त्या घराची रस्त्याकडची भिंत ९ मीटर लांब, ५५ सेंटिमीटर जाड आणि दगडी आहे. ती कोरडी करायला आम्हांला दोन वर्षं लागली. त्यातला मोठा भाग काम करण्यात नाही, तर काय करू नये हे कळण्यात गेला. माँपेलिए आणि तुलूझकडच्या मराठी कुटुंबांकडून अधूनमधून विचारणा होते, "जुनं घर स्वस्त मिळतंय, घ्यावं का?" त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

घर द्राक्षमळेवाल्याचं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, लाँगदॉकची वाइन पॅरिसपर्यंत जाऊ लागली, आणि या गावांत पैसा आला. तेव्हा बांधलेल्या घरांचा साचा ठरलेला आहे. खाली बैलगाडी जाईल एवढं कमानीचं दार, आत पिंपं, घोडा आणि अवजारं. कुटुंब राहायचं वरच्या मजल्यावर. खालच्या त्या जागेला इथे ‘रमीज’ म्हणतात. रमीज माणसांनी राहण्यासाठी नव्हतीच. तिथली जमीन मातीची होती आणि ती जागा थंड, दमट राहावी हीच अपेक्षा होती, कारण वाइनला तेच हवं असतं. आम्हांला मात्र तिथे आईबाबांसाठी खोली करायची होती. गुडघे दुखतात, जिना नको. आमच्या सगळ्या अडचणींचं मूळ या एका इच्छेत होतं, आणि ती इच्छा मला आजही चुकीची वाटत नाही.

घर पहिल्यांदा पाहिलं ऑगस्ट २०१८ मध्ये. बाहेर ३५ अंश, आत गारवा, भिंतींना ताजा पांढरा रंग. ताज्या रंगाचा वास आला तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती. नवऱ्याची नोकरी माँपेलिएला शेतीसंशोधनात, भाड्याच्या घराचा करार संपत आलेला, बँकेचं कर्ज मंजूर होण्यासारखं. आम्ही घाई केली.

इथली खरेदीची पद्धत माणसाला निर्धास्त करते. आधी प्राथमिक करार होतो, त्याला ‘काँप्रोमी’ म्हणतात. त्यानंतर खरेदीदाराला कारण न देता माघार घ्यायला १० दिवस मिळतात. मग नोतेर, म्हणजे सरकारने नेमलेला दस्तऐवजांचा अधिकारी, सगळी कागदपत्रं तपासतो आणि अखेरचं खरेदीखत करतो. विकणाऱ्याला तपासण्यांची एक जाडजूड फाइल द्यावी लागते: १९४९ पूर्वीचं घर असेल तर रंगातलं शिसं, जुलै १९९७ पूर्वीच्या परवान्याचं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस, वाळवीग्रस्त भागात वाळवी, पंधरा वर्षांहून जुनी वीजजोडणी, ऊर्जावापर, पुराचा आणि भूकंपाचा धोका. आम्ही ती फाइल पानन् पान वाचली. वाळवी नाही म्हटल्यावर हुश्श केलं. पण त्या फाइलमध्ये ओलीचं पानच नसतं. कायदा ते मागत नाही, आणि खरेदीपूर्वी स्वतःच्या खर्चाने स्थापत्यतज्ज्ञाकडून घर तपासून घ्यायची इथे फारशी रीत नाही. त्यात खासगी विक्रीच्या दस्तात बहुधा एक कलम असतं: लपलेल्या दोषांची जबाबदारी विकणारा घेत नाही. दोष माहीत असून त्याने मुद्दाम लपवला हे सिद्ध झालं तरच ते कलम पडतं. नोतेरने ते आम्हांला वाचून दाखवलं होतं. आम्ही मान डोलावली होती.

डिसेंबरात किल्ल्या मिळाल्या. २०१९ चा उन्हाळा चांगला गेला. ऑक्टोबरच्या २२-२३ तारखेला जवळच्या बेझिए शहराच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला, पूर आला. आमच्या घरात पूर शिरला नाही, पण तीन दिवसांनी रमीजच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत करडा पट्टा उमटला. आठवड्याभरात तो कमरेला आला. रंगाचे पोपडे सुटले, त्यांच्याखाली लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार, कापसासारखा पांढरा. मी बोट लावून चाखून पाहिला. खारट.

सही आणि चौदा दिवस

ओल काढून देणाऱ्या एका कंपनीचा माणूस नोव्हेंबरात घरी आला. कंपनीचं नाव घेत नाही. हातात ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र होतं. भिंतीला टोचलं, आकडा लाल झाला. त्याने सांगितलं की जमिनीतलं पाणी भिंतीत चढतंय, पायथ्याला भोकं पाडून रसायन भरू, आतून लोखंडी चौकट उभी करून उष्णतारोधक कापूस आणि जिप्समचे पत्रे लावू, महिनाभरात खोली तयार. ९,४०० युरो. "आज सही केलीत तर सवलत." आम्ही जेवणाच्या टेबलावर सही केली. त्याने तेव्हाच आगाऊ रकमेचा चेक मागितला, आणि नवऱ्याने तो लिहिलाही.

रात्री मी वाईला बाबांना फोन केला. बाबा बांधकाम खात्यात होते. ते म्हणाले, "अगं, बरोबर आहे त्याचं. वॉटरप्रूफिंग करून घ्या, वरून सिमेंटचा गिलावा मारा. आपल्या वाड्याला तेच केलं होतं ना." हे इथे लिहिते, कारण त्या दिवशी आम्हां तिघांनाही तेच शहाणपणाचं वाटलं होतं.

गाडी वळली ती शेजारच्या मादामांमुळे. वय ऐंशीच्या पुढे, जन्म याच गल्लीतला. त्यांना मी कौतुकाने सांगितलं की आता ओल जाणार. त्यांनी मला दारापाशी नेलं आणि काठीने एक दगड दाखवला. गाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून कमानीच्या दोन्ही कोपऱ्यांशी शंकूसारखे दगड रोवलेले असतात. त्या म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा यावर बसायचे, पाय जमिनीला टेकत नव्हते." आता तो दगड डांबरातून वीतभर वर होता. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढत गेला आणि दाराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला, हे आम्ही रोज त्या दारातून जाऊन-येऊनही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ऐंशीच्या दशकात आधीच्या मालकाने मातीच्या जमिनीवर प्लास्टिकचा कागद पसरून काँक्रीट ओतलं आणि भिंतींना सिमेंट मारलं. आणि छपराच्या पन्हळीचा नळ पूर्वी रस्त्याच्या गटारात जायचा, तो तुटल्यावर कुणी जोडला नाही.

आता बघा काय झालं होतं. जमिनीतली वाफ पूर्वी मातीच्या जमिनीतून आणि चुन्याच्या भिंतीतून हळूहळू बाहेर पडत होती. बाहेर डांबराने, आत काँक्रीटने जमीन झाकली गेली. उरली फक्त भिंत. पाणी तिच्यात शिरलं. भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंट, म्हणून ते वर चढत राहिलं, जिथे सिमेंट पातळ किंवा तडकलेलं सापडलं तिथून बाहेर आलं, आणि येताना जमिनीतले क्षार घेऊन आलं. त्यावर जिप्समचे पत्रे लावले असते तर पट्टा दिसेनासा झाला असता, इतकंच. पत्र्यांमागे भिंत ओलीच राहिली असती, आणि वर भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोकं कुजली असती.

फ्रान्सच्या ग्राहक कायद्यानुसार विक्रेता घरी येऊन करार करतो तेव्हा ग्राहकाला १४ दिवसांत माघार घेता येते, आणि पहिले सात दिवस विक्रेत्याला पैसे घेता येत नाहीत. तातडीची दुरुस्ती याला अपवाद आहे, पण आमची ती नव्हती. हे आम्हांला गावच्या नगरपालिकेतल्या बाईंनी सांगितलं. अकराव्या दिवशी पोचपावतीसह रजिस्टर पत्र टाकलं. कंपनीकडून दोन फोन आले, आवाज चढले, पण चेक परत आला. याच काळात मी त्यांच्या विमापत्राची प्रतही नीट वाचली. इथे बांधकाम करणाऱ्याला दहा वर्षांच्या हमीचा विमा सक्तीचा आहे. १९७८ च्या कायद्यापासून. विमा आहे एवढं पाहून लोक थांबतात. विमापत्रावर कोणती कामं नोंदवलेली आहेत हेही पाहावं लागतं. त्यांच्या कागदावर रंगकाम आणि पत्र्यांच्या भिंती होत्या. ओलीवरचे उपाय नव्हते.

वही

चुन्याचं काम करणारा गवंडी मादामांच्याच ओळखीने मिळाला. पण ११ नोव्हेंबरला आर्देश जिल्ह्यात ल तेय इथे भूकंप झाला होता, आणि तो तिकडच्या तडकलेल्या घरांवर कामाला होता. जानेवारीत आला. (ल तेय हे चुन्याचंच गाव. १८६४ च्या करारानंतर सुएझ कालव्याच्या कामासाठी तिथून १,१०,००० टन चुना गेला. ज्या कालव्यातून पुढे मुंबईची जहाजं ये-जा करत राहिली, त्याच्या बांधकामात हा चुना आहे, हे कळल्यावर मला उगाचच जवळीक वाटली.)

त्याने यंत्र काढलंच नाही. म्हणाला, भिंतीत क्षार असले की सुयांचं यंत्र जास्तच आकडा दाखवतं. त्याने घराला बाहेरून दोन फेऱ्या मारल्या, वर छप्पर पाहिलं, खाली बसून पायथा पाहिला. मग त्याने काम घ्यायला नकार दिला. म्हणजे लगेच घ्यायला. आधी पाणी कुठून येतं ते वेगवेगळं ओळखा, मग बोलू. पेन्सिल घ्या, दर रविवारी ओलीच्या कडेवर रेघ मारा, तारीख घाला, आणि पाऊस, वारा वहीत लिहा.

मार्चच्या १७ तारखेला कोरोनामुळे देश बंद झाला. घरापासून एक किलोमीटर, दिवसात एक तास, तेही कागद भरून. कामधंदा ठप्प. पण त्या बंदीने आम्हांला ते दिलं जे आम्ही स्वतःहून कधी दिलं नसतं: भिंतीकडे बघायला वेळ. वहीतून तीन गोष्टी दिसल्या. पन्हळीच्या नळाजवळच्या दोन मीटरांत पावसानंतर दोन दिवसांनी रेघ वर जायची आणि आठवड्याने खाली यायची. मधल्या भागात रेघ पाऊस असो-नसो १ मीटर १० सेंटिमीटरवर ठाम. तिसरी गोष्ट वेगळीच होती. काही दिवस पाऊस नसतानाही फरशीवर पाणी सुटायचं, हाताने पुसण्याइतकं. वहीत पाहिलं तर ते सगळे दिवस समुद्राकडच्या वाऱ्याचे होते. या भागात वारे दोन: वायव्येचा कोरडा ‘त्रामोंतान’ आणि समुद्राचा दमट ‘मारँ’. मारँ वाहताना आम्ही हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडत होतो, आणि उबदार दमट हवा थंड दगडावर येऊन पाणी सोडत होती. मादामांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तुम्ही मारँमध्ये खिडकी उघडता? त्यांच्या दृष्टीने ते लहान पोरालाही कळायला हवं होतं.

खात्रीसाठी फरशीवर आणि भिंतीवर हात-दीड हाताचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून ठेवला. वर पाणी धरलं तर ते हवेतलं, आतल्या बाजूला धरलं तर ते बांधकामातून आलेलं. फरशीवर वर धरलं. भिंतीवर आत.

म्हणजे एकाच भिंतीवर तीन वेगळी पाणी होती, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्याला नळाचा साडेतीन मीटरचा तुकडा पुरला. ६० युरो आणि एक शनिवार. तिसऱ्याला काहीच खर्च नव्हता. ज्याला मोठं काम हवं होतं ते फक्त दुसरं.

काम

गावातलं दगडी चर्च संरक्षित वास्तू आहे आणि आमचं घर तिच्या ५०० मीटरच्या आत. त्यामुळे दर्शनी भिंतीच्या कामासाठी नगरपालिकेत दिलेला अर्ज सरकारी वास्तुरक्षण अधिकाऱ्याकडे गेला आणि एका महिन्याऐवजी दोन महिने लागले. अनेक परदेशी लोक या अधिकाऱ्याच्या नावाने खडे फोडतात. आमचा अनुभव उलटा आहे. परवानगीबरोबर अटी आल्या: बाहेरचं सिमेंट काढा, गिलावा चुन्याचाच, दारं-खिडक्या लाकडाच्या, प्लास्टिकच्या नाहीत. भिंतीला जे हवं होतं तेच त्या पत्रात होतं. दारावर परवानगीचा फलक लावला, कारण त्या तारखेपासून दोन महिने शेजाऱ्यांना हरकत घेता येते.

सिमेंट छिन्नीने काढलं. हातोडा-यंत्र चालवलं नाही, कारण अशा भिंतीचे दोन पदर दगडाचे असतात आणि मधली भर चिखल-चुन्यात बसवलेली असते. हादऱ्याने ती सुटते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दोघांनी रोज संध्याकाळी दोन तास केलं. आतल्या बाजूला सिमेंटच्या ढलप्यांची पाठ ओली असायची, ऑगस्टच्या उन्हाळ्यातही. बाहेर पायथ्याशी खोल चर खणून पाइप टाकावा का, असं मी विचारलं तर गवंड्याने साफ नाही म्हटलं. पाया उथळ आहे, तो उघडा पाडला तर भिंतच बसेल. त्याऐवजी नगरपालिकेच्या परवानगीने भिंतीलगतची ३० सेंटिमीटर रुंदीची डांबराची पट्टी कापून काढली आणि तिथे माती उघडी केली. त्यात आता हॉलीहॉक उगवतात. इथल्या गल्ल्यांत ते भिंतीच्या पायथ्याशी आपसूक येतात आणि पायथ्याचं पाणीही पितात.

आतलं काँक्रीट फोडलं. त्याजागी मोठ्या दगडांचं सोलिंग, त्याच्या पोकळ्यांत हवा खेळेल असं. वर चुन्याचा थर आणि त्यावर भाजलेल्या मातीच्या षटकोनी फरश्या. अशा फरश्यांसाठी व्हार जिल्ह्यातलं सालेर्न हे गाव ओळखलं जातं. आमच्या मात्र पेझनासच्या जुन्या सामानाच्या दुकानातून आल्या, काही कडांना तुटलेल्या.

आणि मग थांबलो. भिंत नागडी ठेवून पूर्ण हिवाळा आणि वसंत. पाहुणे यायचे, दगडांकडे बघून म्हणायचे, किती सुंदर, असंच ठेवा. पण असे दगड उघडे ठेवण्यासाठी रचलेले नसतात. त्यांना गिलावा हा अंगरखा हवाच असतो.

गिलावा सप्टेंबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला. चुना ५ अंशांखाली लावता येत नाही, आणि भर उन्हाळ्यातही नाही. पाणी उडून गेलं तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट व्हायच्या आतच भुगा होतो. तीन थर: दगडाला धरणारा पहिला शिंतोडा, मग जाड अंगाचा, मग बारीक वाळूचा शेवटचा. खालच्या दोन्हींत पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक चुना, ३.५ क्रमांकाचा, शेवटच्यात साधा हवाई चुना. मधल्या थराच्या दिवशी त्रामोंतान सुटला. गवंड्याने आमच्याकडच्या जुन्या चादरी मागितल्या, भिजवून दारांवर टांगल्या, आणि पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारलं. सामान आम्ही स्वतः आणलं असतं तर स्वस्त पडलं असतं, असं भावाने सुचवलं होतं. तसं नाही. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीत कारागीर सामानासकट बिल देतो तेव्हा कर १० टक्के. आपण दुकानातून घेतलं तर २०.

एकूण खर्च २१,३०० युरो. पहिल्या कंपनीच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात आमच्या दोन उन्हाळ्यांची मजुरी धरलेली नाही. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही. ज्याला दोन वर्षांत घर विकून मायदेशी जायचं आहे तो वेगळा निर्णय घेईल. पण मग रमीजला खोली करायच्या फंदात त्याने पडू नये, असं मी स्पष्ट सांगेन. तिला रमीजच राहू द्यावं.

बाबा पुढच्या वर्षी मे महिन्यात आले. खोलीत गेल्यावर भिंतीवरून हात फिरवला, नखाने खरवडून पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत. वाईच्या वाड्याला १९९४ मध्ये सिमेंटचा गिलावा आणि उंच केलेल्या जोत्यावर शहाबादी फरशी घातली होती. लाकडी खांबांचे तळखडे, म्हणजे त्यांच्या दगडी बैठका, त्या फरशीखाली गाडले गेले आणि दहा-बारा वर्षांत खांबांचे पाय कुजले. तेव्हा सगळ्यांनी दोष लाकडाला दिला होता. "आमच्या आजोबांच्या वेळी अंगणात चुन्याची घाणी होती," बाबा म्हणाले, "बैल फिरायचा. दगडी चाक अजून गोठ्यामागे पडलंय." मग विचारलं, वाड्याच्या माजघराचं सिमेंट काढायला किती दिवस लागतील.

आज भिंतीची स्थिती अशी: ९ मीटरपैकी साडेआठ कोरडे. उत्तरेच्या कोपऱ्यात दर वसंतात तळहाताएवढा लोणा येतो; मी कोरड्या ब्रशने झाडते, पाणी लावत नाही. तो कोपरा शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंतीला मिळतो आणि पलीकडच्या बाजूला अजून सिमेंट आहे. सामाईक भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च दोन्ही मालकांनी वाटून घ्यायचा असा कायदा आहे, पण पलीकडचं घर कित्येक वर्षं बंद होतं. गेल्या हिवाळ्यात ते एका बेल्जियन जोडप्याने घेतलं. त्यांच्या घरी मागच्या आठवड्यात दोन सुयांचं यंत्र घेऊन कुणीतरी येऊन गेलं. त्यांनी सही अजून केलेली नाही. शनिवारी संध्याकाळी आम्हांला बोलावलं आहे, वही घेऊन या म्हणाले.